कोर्टात मुलासोबत कोण बसणार? सपोर्ट पर्सनबद्दल सारखे येणारे प्रश्न

मी पोक्सोच्या केसेसमध्ये सपोर्ट पर्सन म्हणून काम करते, म्हणजे अठराच्या आतल्या ज्या मुलांवर लैंगिक अत्याचार झालाय त्यांच्यासोबत पोलिस स्टेशनपासून निकालापर्यंत असते. फोनवर, मेसेजवर, कोर्टाच्या जिन्यात उभं राहून लोक तेच तेच प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र लिहिलेत. ओळख पटेल असं काहीही मुद्दाम ठेवलेलं नाही. मूल म्हणजे मुलगा किंवा मुलगी कोणीही, हा कायदा दोघांना सारखाच आहे.

१. सपोर्ट पर्सन म्हणजे वकील का?

नाही. मी वकील नाही, मी कोर्टात युक्तिवाद करत नाही आणि काळा कोट घालत नाही. तपास पोलिस करतात, केस सरकारी वकील चालवतात, निकाल न्यायाधीश देतात आणि या सगळ्या गाड्यात ज्याच्यावर हे घडलंय ते मूल आणि त्याचे आईबाबा बाकावर बसून असतात, त्यांना कोणी काही सांगत नाही. त्या बाकावर त्यांच्या शेजारी बसणारं माणूस म्हणजे सपोर्ट पर्सन. पुढे काय होणार ते त्यांना कळेल अशा भाषेत सांगणं, कोर्टात आणि दवाखान्यात सोबत जाणं, शाळा परत सुरू करून देणं, कागद कुठे अडकलाय ते शोधणं, आणि दर महिन्याला मुलाच्या तब्येतीचा, मनःस्थितीचा, शाळेचा रिपोर्ट बाल कल्याण समितीला (अडचणीतल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी जिल्ह्यातली सरकारी समिती) देणं. २०२० च्या पोक्सो नियमांत हे लिहिलेलं आहे, आमची मेहेरबानी नाही.

२. मग हा माणूस मिळतो कसा? आम्हाला तर कोणी सांगितलंच नाही.

बहुतेकांना नाहीच सांगत. एफआयआर झाल्यावर पोलिसांनी २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीला आणि स्पेशल कोर्टाला कळवायचं असतं, आणि समितीने सपोर्ट पर्सन नेमायचा असतो. पूर्वी व्हायचं काय की पालकांना घाईघाईत विचारलं जायचं "पाहिजे का?" आणि ते बिचारे आधीच गोंधळलेले, म्हणायचे नको. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ही गरज आईवडिलांच्या मर्जीवर सोडायची नाही, प्रत्येक केसमध्ये हा हक्क आहे हे मुलाला आणि घरच्यांना कळलंच पाहिजे.

तुमच्या केसमध्ये नेमला नसेल तर समितीला साधा अर्ज द्या, साध्या कागदावर हाताने लिहिला तरी चालतो, एफआयआर नंबर आणि पोलिस स्टेशन टाका, पोच घ्या. केस अर्ध्यावर आलेली असली तरी मागता येतो. कुटुंबाने एक रुपयाही द्यायचा नसतो. कोणी मागितला तर समितीला कळवा.

आणि पटलं नाही तर बदलूनही मिळतो, मुलाने "ही ताई नको" म्हटलं तर कारण सांगावं लागत नाही. मला स्वतःला एका मुलाने नको म्हटलेलं आहे. वाईट वाटलं पण बरोबर होतं त्याचं, त्याला पुरुष हवा होता, बाईशी बोलायची लाज वाटत होती.

३. सरकारी वकील आहेत ना, मग आमचा वेगळा वकील लावायचा का?

सरकारी वकील सरकारची बाजू मांडतात. तुमच्या बाजूचेच असतात साधारण, पण ते तुमचे वकील नव्हेत आणि तुम्ही त्यांचे अशील नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी बोर्डावर आणखी पंधरा केसेस असतात. पोक्सोच्या कलम ४० प्रमाणे मुलाला स्वतःचा वकील घेता येतो आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. बायका आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही हे लक्षात ठेवा, उत्पन्नाचा दाखला आणा म्हणून कोणी परत पाठवलं तर परत जाऊ नका, तिथेच थांबून सचिवांना भेटा.

माझं मत विचाराल तर जामीन, भरपाई किंवा अपील यातलं काही येणार असेल तर वकील घ्याच. नुसती साक्ष असेल आणि सरकारी वकील नीट भेटत असतील तर त्याच्यावाचून फार अडत नाही.

४. पहिल्यांदा भेटायला येता तेव्हा सगळं पुन्हा सांगावं लागतं का?

अजिबात नाही. मी घटनेबद्दल विचारतच नाही. तोपर्यंत मुलाने ते आईला, पोलिसांना, डॉक्टरांना, मॅजिस्ट्रेटना सांगून झालेलं असतं, पाचव्या माणसाला कशाला? आणि दुसरं कारण कायदेशीर आहे, ते प्रश्न ८ मध्ये येतं. पहिल्या भेटीत आम्ही बहुतेक वेळा चित्र काढतो नाहीतर मूल टीव्ही बघतं आणि मी आईशी स्वयंपाकघराच्या दारात बोलते. एक सहा वर्षांची मुलगी तीन भेटी माझ्याशी एक शब्द बोलली नाही, चौथ्या वेळी तिने विचारलं, "मला तुरुंगात टाकणारेत का?" पोलिस घरी आले, कोर्ट कोर्ट चाललंय, म्हणजे आपणच काहीतरी केलंय असा तिचा सरळ हिशोब होता. घरात कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की तिला हे सांगावं लागेल.

५. केस किती दिवस चालेल?

कायद्यात लिहिलंय ते आधी सांगते. बलात्कार आणि पोक्सोच्या मुख्य गुन्ह्यांत तपास २ महिन्यांत संपवायचा. कोर्टाने केस दाखल करून घेतली की ३० दिवसांत मुलाची साक्ष व्हायची आणि शक्यतो १ वर्षात निकाल. आता प्रत्यक्षात. न्यायाधीशांची बदली, आरोपीचा वकील गैरहजर, साक्षीदाराला समन्सच पोचलं नाही, लॅबचा रिपोर्ट आला नाही, आणि तारीख पुढे. आठव्या वर्षी घडलेलं अकराव्या वर्षी सांगायला उभं राहिलेली मुलं मी पाहिलीत. म्हणून आईवडिलांना मी "लवकर होईल" असं कधीच म्हणत नाही, त्यांनी त्या शब्दावर घर बदलायचं, गावी जायचं, शाळा ठरवायची सगळं बांधलेलं असतं.

केसचा सीएनआर नंबर घ्या, १६ अक्षरांचा असतो, ई-कोर्ट्सच्या ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते, दर वेळी कोर्टात जाऊन विचारायला नको. आणि तपास कुठपर्यंत आलाय हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत तुम्हाला स्वतःहून सांगायचं असतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी केस कशी चालवायची त्याचा कायदा) तसं आहे. वाट बघत बसू नका, विचारा.

६. साक्षीच्या दिवशी नक्की काय काय होतं? मुलगी रोज रात्री विचारते.

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून सविस्तर सांगते.

समन्स घेऊन हवालदार येतो, तो साध्या कपड्यात यावा असं मी आधीच पोलिस स्टेशनला फोन करून सांगते, नाहीतर अख्ख्या चाळीला कळतं. आदल्या आठवड्यात एकदा मुलाला रिकामं कोर्ट दाखवून आणते, संध्याकाळी पाचनंतर शिपाई सहसा नाही म्हणत नाही. ते उंच टेबल, तिथे न्यायाधीश बसतात, खाली कोपऱ्यात टाइप करणारे काका, इथे तू, इथे मी. मुलं बहुतेक वेळा न्यायाधीशांच्या खुर्चीत बसायचं का विचारतात. (नाही बसता येत.)

त्या दिवशी अकराला पोचायचं पण नंबर अकराला लागेलच असं नाही, दुपारी तीनलाही लागतो आणि कधीकधी लागतच नाही, म्हणून डबा, पाणी, चित्रकलेची वही, एखादं आवडीचं खेळणं सोबत. मागच्या दाराने किंवा लहान साक्षीदारांसाठी वेगळी खोली असेल तर तिथून आत न्यावं म्हणून मी पैरवी अंमलदाराला, म्हणजे कोर्टात केसचं काम बघणाऱ्या पोलिसाला, आधी भेटते, कारण व्हरांड्यात आरोपीचे नातेवाईक उभे असतात आणि नुसतं बघत राहतात. बघण्यावर कोणाला काही करता येत नाही.

आत कोर्ट बंद दाराआड चालतं, प्रेक्षक नाहीत. न्यायाधीश आधी साध्या गप्पा मारतात, नाव काय, कुठल्या शाळेत, खरं बोलणं म्हणजे काय खोटं म्हणजे काय. मूल समजून उत्तर देतंय का ते बघायचं असतं. बाराच्या आतल्या मुलाला खरं बोलायचं हे कळतं पण शपथ म्हणजे काय ते कळत नाही असं न्यायाधीशांना वाटलं तर शपथ न देताही साक्ष होते. मग सरतपास म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, मग उलटतपास म्हणजे आरोपीच्या वकिलांचे. पोक्सोत दोघांनीही प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे असा नियम आहे, थेट मुलाला नाही.

एक गोष्ट आधी सांगून ठेवाच. मूल एक वाक्य बोलतं आणि न्यायाधीश ते वेगळ्या भाषेत टाइप करणाऱ्याला सांगतात. मुलाला वाटतं आपलं चुकलं म्हणून ते परत नीट करून सांगतायत. एका मुलीने तिथेच रडायला सुरुवात केली होती, "मी असं नाही म्हटलं." शेवटी जबाब वाचून दाखवतात, त्यात काही चुकलं असेल तर तेव्हाच सांगायचं.

आणि मुद्देमाल. याबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. माझ्या सुरुवातीच्या एका केसमध्ये मी मुलीला सगळं सांगितलं होतं, खुर्ची, पडदा, पाणी कसं मागायचं, सगळं, पण पोलिसांनी जप्त केलेले कपडे ओळखायला दाखवतात हे सांगायचं राहिलं. लाखेचं सील तोडून तपकिरी पाकिटातून तिचाच पिवळा फ्रॉक बाहेर काढला आणि ती पुढे बोलेना. पाऊण तास. न्यायाधीश मॅडम चांगल्या होत्या, जेवणाची सुट्टी देऊन टाकली. तेव्हापासून समन्स आलं की माझा सरकारी वकिलांना पहिला प्रश्न हाच असतो, मुद्देमाल दाखवणार का आणि काय काय आहे त्यात.

७. आरोपी समोर असेल का?

कोर्टात असेल, पण साक्ष देताना मुलाला तो दिसता कामा नये, कलम ३६. पडदा, एका बाजूने दिसणारी काच किंवा व्हिडिओ, यातलं काहीतरी वापरतात. प्रत्येक कोर्टात तयार व्यवस्था असतेच असं नाही, कुठे हिरवा कापडी पडदा तर कुठे नुसतं लोखंडी कपाट मध्ये. म्हणून आदल्या तारखेलाच सरकारी वकिलांमार्फत अर्ज द्या. पडद्याखालून पाय दिसतात. हसू नका, मुलांनी चपलेवरून माणूस ओळखलाय.

८. तुम्ही तयारी करून घेता म्हणजे काय बोलायचं ते शिकवता का? समोरचा वकील हेच म्हणणार ना?

म्हणणारच, दर केसमध्ये म्हणतो. आणि म्हणूनच ही रेघ मी जिवापाड सांभाळते. तिथे काय होणार आहे ते मी सांगते, मुलाने काय बोलायचं ते कधीही नाही. जबाबाची प्रत घरी पाठ करून घेऊ नका. जबाब वाचून आठवण ताजी करायची असेल तर ते सरकारी वकील बघतील, मी नाही आणि तुम्ही तर अजिबात नाही.

मी मुलाला एवढंच सांगते. प्रश्न कळला नाही तर "कळलं नाही" म्हण. आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हण, ते चुकीचं उत्तर नाही. कोणी मोठ्या माणसाने चुकीचं वाक्य म्हटलं तर "असं नाही झालं" म्हणता येतं. हे खेळात करतो आम्ही, मी म्हणते "तू काल हत्तीवर बसून शाळेत गेलास ना?" आणि मूल ओरडतं नाहीऽऽ. बघा, मुलांना घरी शाळेत सगळीकडे मोठ्यांच्या "हो ना?" ला "हो" म्हणायची सवय लावलेली असते, आणि उलटतपास अख्खा "हो ना?" वरच चालतो. घटनेचा एक शब्दही त्या खेळात नसतो.

आणखी एक. "ताई भेटायला आली होती हे सांगू नको" असं एका बाबांनी मुलाला शिकवलं, चांगल्या हेतूने. उलटतपासात विचारलं तुला कोण भेटलं होतं, मूल म्हणालं कोणी नाही, मग वकिलांनी कोर्टाला दिलेल्या कागदावरची माझी नेमणूक काढून दाखवली. मूल खोटं बोलतं हे एवढ्या एका गोष्टीवरून उभं केलं. लपवण्यासारखं काही नसतं त्यात, ताई भेटली, कोर्ट दाखवलं, खरं बोल म्हणाली, असंच सांगू द्या.

९. वकील काहीही घाणेरडं विचारायला लागला तर तुम्ही उठून थांबवता का?

नाही, मला तिथे बोलायचा अधिकार नाही आणि उठले तर मलाच बाहेर काढतील. कलम ३३ मध्ये आहे की आक्रमक प्रश्न आणि चारित्र्यावर शिंतोडे कोर्टाने चालू द्यायचे नाहीत, हरकत सरकारी वकिलांनी घ्यायची. माझ्या हातात एवढंच की मूल थकलंय, शू लागलीय, पांढरं पडलंय हे मला आधी दिसतं आणि मी सरकारी वकिलांकडे बघते, ते ब्रेक मागतात. मधेमधे ब्रेक द्यायचा हेही त्याच कलमात आहे. मुलासोबत आमची एक खूण ठरलेली असते, वही उलटी ठेवली की ब्रेक.

१०. पैशांचं काय? भरपाई केस जिंकल्यावरच मिळते ना?

नाही, आणि या गैरसमजापायी लोक अर्जच करत नाहीत. तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

पहिली, तातडीची मदत, म्हणजे खाणं, कपडे, प्रवास यासाठी. बाल कल्याण समिती शिफारस करते आणि शिफारस मिळाल्यापासून आठवड्यात पैसे यायला हवेत. कागदावर हे सगळ्यात वेगवान, पण मागणारेच कमी. दुसरी, स्पेशल कोर्टाची अंतरिम म्हणजे निकालाआधीची भरपाई, एफआयआरनंतर कधीही मागता येते. तिसरी, शेवटची भरपाई, आणि ही आरोपी निर्दोष सुटला तरी, सापडला नाही तरी कोर्ट देऊ शकतं, कारण मुलाला झालेली इजा निकालाने पुसली जात नाही. ऑर्डर मिळाल्यावर सरकारने ३० दिवसांत द्यायची असते. महाराष्ट्रात याशिवाय २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे.

मुलाच्या नावाने बँक खातं लगेच काढा. मोठी रक्कम बहुतेक मुदत ठेवीत जाते, हातात थोडी येते, हे आधी माहीत असू द्या म्हणजे घरात भांडणं होत नाहीत. आणि शेजारपाजारी कोणाला सांगू नका, "पैशासाठी केस केली" हे वाक्य तयारच असतं.

११. तो जामिनावर सुटला आणि आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं. असं चालतं का?

चालायला नको पण होतं. अटक, जामीन अर्ज, सुटका हे सगळं पोलिसांनी तुम्हाला कळवायचं असतं. १६ च्या आतल्या मुलीवरच्या बलात्काराच्या केसमध्ये तर जामिनाच्या सुनावणीला फिर्यादी किंवा तिच्या वतीने कोणीतरी हजर असणं बंधनकारक आहे. आणि पीडिताला प्रत्येक टप्प्यावर म्हणणं मांडायचा हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, विरोध करायचा तर वकिलांकडून लेखी म्हणणं द्या (प्रश्न ३).

सुटल्यावर घराभोवती फिरतो, निरोप पाठवतो, तर प्रत्येक वेळी तारीख, वेळ, कोण होतं ते वहीत लिहा आणि पोलिसांना लेखी द्या. तोंडी सांगून पोच मिळत नाही. जामिनाच्या अटी मोडल्या तर जामीन रद्द करायला हीच वही उपयोगी पडते. जास्त धोका असेल तर २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज जातो आणि पोलिसांनी धोक्याचा अहवाल कामकाजाच्या ५ दिवसांत द्यायचा असतो.

१२. सगळे म्हणतायत मिटवून टाका. मिटवता येतं का?

पोक्सोची केस आपसात मिटवण्याजोगी नाहीच. स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं म्हणून ती संपत नाही, उलट तो कागद पुढे कोण कसा वापरेल सांगता येत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या एका शिक्षकाची केस, जी तडजोड झाली म्हणून हायकोर्टाने रद्द केली होती, ती परत चालवायला लावली. पण मी दमलेल्या आईला उपदेश करत नाही. मिटवा म्हणणारा तिचा सख्खा भाऊ असतो, आणि ती त्याच्याच घरात राहत असते. तिला मी फक्त विचारते, सही कुठे करायला सांगितलीय, दाखवा.

१३. आरोपी घरातलाच आहे, मग मुलाच्या वतीने ठरवणार कोण?

हे सगळ्यात अवघड. बाप, काका, सावत्र भाऊ असला की घरातला कमावता माणूसही तोच असतो. अशा वेळी मूल त्याच घरात ठेवायचं की नाही हे समिती ठरवते, पोलिसांनी २४ तासांत मुलाला समितीपुढे आणायचं असतं. आई सोबत असेल तर शक्यतो आईजवळच राहावं असं मी रिपोर्टमध्ये लिहिते, बालगृह हा शेवटचा पर्याय. मात्र आईच दबाव टाकत असेल तर तेही लिहावं लागतं, आणि त्यानंतर ती आई माझ्याशी बोलत नाही. समजू शकते मी. भाडं आणि किराणा कोण भरणार हा तिचा प्रश्न खराच असतो, म्हणून तातडीची मदत (प्रश्न १०) इथे लगेच मागायची.

१४. मुलगी सतरा वर्षांची आहे, तिचं त्याच्यावर प्रेम आहे, केस बापाने केलीय. तुम्ही कोणाच्या बाजूने?

मुलीच्या. पण "तिच्या बाजूने" म्हणजे काय हे इथे सोपं नाही. कायद्यात अठराच्या आत संमती धरतच नाहीत, त्यामुळे तिने कितीही सांगितलं तरी केस उभी राहते. तिचं खरं म्हणणं कोर्टापर्यंत तिच्या शब्दांत पोचावं, तिला कोणी डांबून ठेवू नये, तिची दहावी बारावी बुडू नये, गरोदर असेल तर दवाखान्यात तिला कोणी टाकून बोलू नये, एवढं मी बघते. बापाची किंवा त्या मुलाची पोस्टमनगिरी करत नाही, चिठ्ठ्या दोन्हीकडून आल्यात.

१५. मुलाने तुम्हाला गुपित सांगितलं तर ते गुपित राहतं का?

बरंचसं. शाळा, घर, मित्र, राग, रडणं हे कोणाला सांगत नाही, गोपनीयता नियमातच आहे. पण आणखी एखाद्या अत्याचाराबद्दल सांगितलं, दुसरा माणूस किंवा दुसरं मूल, तर मला पोलिसांना कळवावंच लागतं, नाही कळवलं तर तो माझा गुन्हा. आणि वकिलाला अशिलाच्या गुपितासाठी जे कायदेशीर कवच असतं ते आम्हाला नाही, कोर्टाने बोलावलं तर जावं लागेल. म्हणून हे पहिल्याच भेटीत सांगते, "काही गोष्टी मला दुसऱ्यांना सांगाव्या लागतील, पण आधी तुला सांगीन." माझ्या वहीतही घटनेबद्दल काही लिहिलेलं नसतं.

१६. मूल कोर्टात फिरलं किंवा गप्पच बसलं तर?

सरकारी वकील त्याला फितूर घोषित करू शकतात, शब्द भयंकर आहे पण अर्थ एवढाच की मग सरकारी वकीलही उलटतपासासारखे प्रश्न विचारू शकतात. मुलाला त्यासाठी शिक्षा होत नाही, अगदी तक्रार खोटी ठरली तरी मुलाला शिक्षा नाही, कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. घरी आल्यावर "एवढं करून शेवटी गप्प का बसलास" असं विचारू नका. रिक्षात पण नको.

१७. मी अठरा पूर्ण केलीत, किंवा घटनेच्या वेळीच मोठी होते. मला कोण मिळेल?

घटनेच्या दिवशी अठराच्या आत असाल तर केस पोक्सोचीच राहते. सज्ञान बायकांसाठी मात्र सपोर्ट पर्सन असं पद कायद्यात नाही, जे आहे ते जोडून घ्यावं लागतं. सखी वन स्टॉप सेंटर, १८१ हेल्पलाइन, महाराष्ट्रात पोलिस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष (१९८४ मध्ये मुंबईत सुरू झाले, तिथे प्रशिक्षित समाजसेविका असतात) आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील. बलात्काराची सुनावणी बंद दाराआडच होते. वेगळ्या खोलीतून साक्षही मागता येते, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये त्या व्यवस्थेत कुठल्याही वयाच्या लैंगिक अत्याचार पीडितांना घेतलंय. मागा, स्वतःहून कोणी देत नाही.

१८. मला हे काम करायचंय. शिक्षण काय लागतं, पगार मिळतो का, झेपतं का?

समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा बालविकासात एमए, एमएसडब्ल्यू असं काही, किंवा साधी पदवी आणि मुलांसोबत कामाचा तीन वर्षांचा अनुभव. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन नाव नोंदवा. मानधन सरकारी निधीतून मिळायचं असतं आणि ते उशिरा येतं, त्याच्या भरवशावर घरभाडं ठेवू नका.

झेपण्याचं म्हणाल तर घटनेपेक्षा वाट बघणं जास्त थकवतं. दिवसभर व्हरांड्यात बसून संध्याकाळी साडेपाचला "पुढची तारीख" ऐकायचं आणि मुलाला ते सांगायचं. मी एका वेळी ठरावीकच केसेस घेते, आणि सोबत काम करणाऱ्या एका मैत्रिणीशी दर शुक्रवारी फोनवर बोलते, नावं न घेता. ज्यांना न्याय मिळवून द्यायची फार घाई असते ते पहिल्या वर्षात सोडून जातात, असं माझं आपलं निरीक्षण.

१९. तो निर्दोष सुटला. आता?

निकालाची प्रत त्याच दिवशी मागा. सरकार अपील करो न करो, पीडिताला स्वतः हायकोर्टात अपील करता येतं, निर्दोष सुटका झाली तर, कमी गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर किंवा भरपाई कमी मिळाली तर. नुसती शिक्षा कमी वाटते म्हणून पीडिताला अपील करता येत नाही, ते सरकारनेच करायचं. विधी सेवेचा वकील इथेही मिळतो.

मुलाला हे कोणी सांगायचं ते निकालाच्या आधीच ठरवून ठेवा, दोन्ही निकालांसाठी. मी "पुरावा पुरेसा नव्हता असं न्यायाधीशांना वाटलं" इतकंच सांगते, "तुझ्यावर विश्वास ठेवला नाही" असं कोणी म्हणणार नाही याची काळजी घेते. एका मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग उद्या शाळेला दांडी का? नाही म्हटलं, उद्या शाळा.

२०. केसचे पेपर तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवू का?

नका पाठवू, कोणालाच. एफआयआरवर मुलाचं नाव, पत्ता, शाळा सगळं असतं, आणि ओळख उघड होणं हा गुन्हा आहे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं तरी. आत्ता मूल धोक्यात असेल तर १०९८ किंवा ११२ ला फोन करा, वकिलासाठी १५१००. बाकी कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून घेऊन या, झेरॉक्स दोन, मूळ प्रत कोणालाही देऊ नका, मलासुद्धा.